वरणाचं पाणी आणि पाच रुपयांचं पाकीट: इंदूरच्या एका वस्तीतलं प्रकरण

मुलगी 14 महिन्यांची. वजन 7 किलो 100 ग्रॅम, दंडाचा घेर 12.1 सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीचं मधलं वजन 9.4 किलो आहे, आणि 7.4 च्या खाली गेली की ती कमी वजनाची धरतात. दंडघेराच्या पट्टीवर 11.5 ते 12.5 हा पिवळा भाग, म्हणजे मध्यम कुपोषण; त्याखाली लाल, म्हणजे तीव्र. लाल असती तर पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला एनआरसी म्हणतात तिथे, पाठवता आलं असतं. पिवळ्यातल्या मुलांची पंचाईत अशी की दवाखाना त्यांना दाखल करून घेत नाही आणि घरचे त्यांना आजारी मानत नाहीत. ती खेळते, हसते, रांगत उंबऱ्यापर्यंत येते. अशा मुलांसाठी जे काही व्हायचं ते वस्तीतच, बोलून-दाखवून व्हायचं असतं. म्हणून आमच्या संस्थेच्या पोषणाच्या कामातलं हे एकच प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून घराचे काही तपशील बदलले आहेत.

घर

पालदा औद्योगिक भागाजवळची वस्ती, पत्र्याच्या दोन खोल्या, माणसं सहा. आजोबा मूळचे रावेरकडचे, इंदूरला कापडगिरणीत लागले म्हणून बिऱ्हाड इकडे आलं. गिरण्या बसल्या (हुकुमचंद मिल 1991 सालीच बंद पडली), त्यानंतर त्यांनी चौकीदारी केली, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. मुलगा मालवाहू रिक्षा चालवतो. सून नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सात वर्षांचा नातू शाळेत जातो आणि ही धाकटी दिवसभर आजीकडे. घरात खानदेशी बोलतात, उंबऱ्याबाहेर हिंदी.

रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं. मुलीचं नाव कार्डावर चढलेलं नव्हतं, समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकात, काहीतरी अडलं होतं, त्यामुळे सहा माणसांच्या घरात पाच माणसांचं 25 किलो येत होतं. तरी पोळी-भाताची ददात नव्हती. डाळ, तेल, शेंगदाणे, भाजी आणि दूध मात्र सगळं रोखीचं. सुनेच्या खात्यात लाडली बहना या राज्याच्या योजनेचे पैसे येतात, ते खोलीभाड्यात जातात. हे मुद्दाम सांगतो, कारण पोषणाच्या सभांमधून असा एक सूर लागतो की घरात सगळं आहे, फक्त बायकांना कळत नाही. या घरात सगळं नव्हतं. पण जे होतं तेही मुलीच्या पोटात पोचत नव्हतं, आणि या प्रकरणात आमचा शिरकाव झाला तो याच फटीतून.

मंगळवार

मध्य प्रदेशातल्या आंगनवाड्यांत मंगळवार हा ठरलेला दिवस. कधी गोदभराई, कधी अन्नप्राशन, कधी वाढदिवस. घरी न्यायची हलव्याची, खिचडीची तयार पाकिटंही मंगळवारीच. दुपारी बाराच्या सुमारास बायका जमतात, कार्यकर्ता दीदी तक्ता उलगडतात, तिरंगा थाळी समजावतात, म्हणजे ताटात तीन रंगांचं अन्न: पांढरं, केशरी, हिरवं. आमच्या संस्थेची पोषणशिक्षिका त्याला जोड म्हणून एखादा पदार्थ करून दाखवायची. उपस्थिती चांगली असायची आणि फोटोही छान यायचे.

पण मंगळवारी दुपारी बारा वाजता मोकळी कोण असते? जी कामावर जात नाही ती. ज्या घरातली बाई दिवसभर बाहेर असते, तिथल्या मुलाला भरवणारं माणूस त्या सभेत बसलेलंच नसतं. या घरातून पाकिटं न्यायला आजी यायची, सही करायची, सभा सुरू व्हायच्या आत निघायची. सून एकदाच आली होती, मुलीच्या अन्नप्राशनाला. तिला विचारलं तर उत्तरं पाठ होती. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरचं अन्न, दूध दोन वर्षांपर्यंत चालू, पालेभाजी, डाळ, फळ. परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

रीतीप्रमाणे शिक्षिकेने मुलीचा चोवीस तासांचा आहार विचारून लिहिला. उत्तर आजीनेच दिलं: सकाळी दूध-बिस्कीट, दुपारी वरण-पोळी, संध्याकाळी भात, मधे एखादं केळं. दुकानातलं तळलेल्या खाऊचं पाकीट? “कधीमधी.” कागदावर हा आहार वाईट दिसत नाही. धान्य, डाळ, दूध, फळ, सगळ्यांच्या पुढे बरोबरची खूण. अशा नोंदीत अन्नगट मोजले जातात, चमचे मोजले जात नाहीत.

इंदुरात एक सोय आहे जी दुसऱ्या शहरात सहज मिळणार नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावणाऱ्या या शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायची सवय वस्त्यांतही रुजली आहे. दाराशी सुक्याचा डबा होता. त्यात कालपासूनची चार रिकामी पाकिटं होती, लाल-पिवळी, पाच-पाच रुपयांची. आजी खोटं बोलत नव्हती. पाकीट हे तिच्या लेखी खाणं नव्हतंच, म्हणून खाण्याच्या यादीत ते आलं नाही.

एक दिवस

मग शिक्षिका घरच्यांना विचारून सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या घरात बसली. तिने काही शिकवलं नाही, पालकाची भाजी निवडत बसली आणि बघत राहिली.

सातला चहा. मुलीला बशीत थोडा, त्यात दोन ग्लुकोज बिस्किटं भिजवून. आहाराच्या नोंदीतलं “दूध” ते हेच. साडेआठला आई अंगावर पाजून कामाला गेली. अकराच्या सुमारास मुलगी किरकिर करायला लागली तेव्हा आजोबांनी तिला कडेवर घेतलं, कोपऱ्यावरच्या गुमटीवर, म्हणजे टपरीवर, नेलं आणि पाकीट घेऊन दिलं. साडेबाराला आजी जेवायला बसली. कुकरमधली तुरीची डाळ तिने पळीने हलक्या हाताने वरच्या वर काढली. वाटीत आलं ते पिवळसर, मिठाचं पाणी. त्यात पाव पोळी कुस्करली. मुलीने पाच-सहा घास खाल्ले, दोन घोट प्यायली आणि तोंड फिरवलं. “भरलं पोट,” आजी म्हणाली. चारला पुन्हा चहा. शाळेतून आलेल्या भावाच्या हातात पाकीट होतं, त्यातलं अर्धं हिला. सातला आई आली. स्वयंपाक झाला शेव-टमाट्याची भाजी आणि पोळी, कारण ती दहा मिनिटांत होते आणि कारखान्यातून शेवेचा चुरा स्वस्तात मिळतो. भाजी तिखटजाळ. मुलीच्या वाट्याला कोरड्या पोळीचा तुकडा आला, मग आईच्या कुशीत दूध आणि झोप.

थोडा हिशेब मांडू. या वयाच्या मुलांना अंगावरच्या दुधाशिवाय रोज साधारण 550 कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. त्या दिवशीचं सगळं मिळून तीनशेच्या पुढे जात नव्हतं, आणि त्यातला निम्मा वाटा पाकिटांचा. लहान मुलाच्या जठरात एका वेळी वजनाच्या किलोमागे 30 मिलीच्या आसपास मावतं, म्हणजे सात किलोच्या मुलीला दोनशे-सव्वादोनशे मिली. एवढ्याशा जागेत वरणाचं पाणी भरलं की पोट तुडुंब आणि अंगाला काही नाही. “भरलं पोट” हे आजीचं म्हणणं अगदी खरं होतं.

पाकिटांबद्दल इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आमच्या क्षेत्रात ती सोयीस्कर विसरली जाते. पाकीट वाईट हे कबूल. मीठ फार, प्रथिनं नावाला, आणि जेवणाआधी तासभर खाल्लं की भूक मेली. पण पंधरा-सोळा ग्रॅमच्या त्या पाकिटात तळणाच्या 80 च्या आसपास कॅलरी असतात. “पाकीट बंद करा” एवढंच सांगून आपण निघून आलो आणि त्या जागी काही आलंच नाही, तर अपुऱ्या आहारातला आणखी एक भाग आपण काढून घेतला. वजन उतरेल, आणि ताईंचं ऐकलं म्हणून उतरेल.

ओटा

दुसरा प्रयत्न संध्याकाळी साडेपाचला, आजींच्या ओट्यावर झाला. ही वेळ आजींनीच ठरवली: भाजी निवडून झालेली असते, मालिका सुरू व्हायच्या असतात. गल्लीतल्या सात-आठ म्हाताऱ्या जमल्या, त्यात दोघी-तिघी माळव्याच्या, बाकी खानदेशी-वऱ्हाडी. पहिल्याच संध्याकाळी आमच्या आजींनी सुनावलं, “मी पाच लेकरं वाढवले. मले काय शिकवतं तू, माय?”

शिक्षिकेने ते शब्दशः घेतलं. पाच लेकरांना काय दिलंत ते सांगा, म्हणाली. मग अर्धा तास तिला काही बोलावंच लागलं नाही. ताकातल्या ज्वारीच्या कण्या. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून. मुगाची मऊ खिचडी, वर तूप असेल तर तूप, नाहीतर तेल. आता का नाही करत? इथे रेशनवर ज्वारी नाही, गहू-तांदूळ मिळतो. कण्या शिजायला वेळ लागतो आणि गॅसची टाकी महाग. आणि वरणाचं पाणी? ते हलकं, बाळाला पचतं, दात कमी आहेत. शिवाय तळचं दाट वरण मुलगा रात्री जेवायला येतो त्याच्यासाठी राखायचं. मला यातलं एकही कारण अडाणीपणाचं वाटत नाही. वेळ, इंधन, पैसा आणि कमावत्याचा मान, चारही गोष्टी हिशेबात धरून त्या बाईने ठरवलेली व्यवस्था होती ती.

त्यामुळे पाण्याबद्दल वाद घातला नाही. एकाच कुकरमधून दोन वाट्या काढल्या, एक वरची आणि एक ढवळून तळची, आणि दोन्ही चहाच्या गाळणीतून ओतल्या. पहिल्या गाळणीत जेमतेम चमचाभर साका राहिला. दुसरी भरून गेली, पाणी खाली जाईना. आजींनी गाळणी उलटीसुलटी करून बघितली, मग शेजारणीकडे सरकवली. तिथे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कोणाचे डोळे उघडले नाहीत. एक जण म्हणाली की तिच्या घरचं वरण याहून दाट असतं, आणि ते सिद्ध करायला घरी जाऊन स्वतःची गाळणी घेऊन आली. गाळणीचा हा प्रयोग त्या गल्लीत नंतर आमच्याशिवाय बऱ्याच घरी झाला.

पुढच्या संध्याकाळींना ठरलं ते अगदी मोजकं. मुलीची वाटी वेगळी, आजीच्या ताटातले घास नाहीत. वाटी 250 मिलीची, पाण्याच्या बाटलीने मोजून घेतलेली, आणि दुपारी ती पाऊण भरून. सहा घासांवर तोंड फिरवलं तर थांबायचं, पण वाटी झाकून ठेवायची आणि थोड्या वेळाने पुन्हा द्यायची. घट्टपणाची कसोटी चमच्यावर: चमचा तिरका केला तर अन्न ओघळता कामा नये. डाळ तळापासून ढवळून घोटायची. रेशनच्या तांदळाची मूगडाळ घालून खिचडी, तिखट पडायच्या आत मुलीचा वाटा बाजूला, त्यावर एक लहान चमचा तेल. त्या चमच्याच्याच 45 कॅलरी होतात, आणि वाटीत त्याला वेगळी जागा लागत नाही. तेल घालायला सांगितल्यावर आजी खूश झाली. आजवर तिला भेटलेल्या प्रत्येक दीदीने तेल कमी करायला सांगितलं होतं, तिच्या स्वतःच्या बीपीसाठी.

चहा जेवणाच्या वेळेपासून लांब न्यायचा, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. मुलीचा चहा पूर्ण बंद झाला नाही, बशीतून दोन चमच्यांवर आला. फडताळात लोहाच्या सिरपची बाटली जवळजवळ भरलेली सापडली. आठवड्यातून दोनदा 1 मिली द्यायची असते. आजींनी दोनदा दिली, शी काळी झाली, म्हणून थांबवली. काळी होणारच, ते लोहामुळे आहे, एवढं एक वाक्य बाटली देताना कोणी बोललं असतं तर काम झालं असतं.

आजोबा

दोन-तीन आठवड्यांनी जेवणाची वाटी सुधारली तरी दुपारी मुलगी खायला कुरकुर करत होती. सुक्याच्या डब्यात पाकिटं तेवढीच. आजी म्हणाली, “मी नाही देत, यायले विचारा.”

अकराची फेरी आजोबांची होती, आणि आमच्या कुठल्याही सभेत, दुपारच्या काय नि संध्याकाळच्या काय, आजोबा नव्हते. पोषणाचं काम करणाऱ्यांच्या डोक्यात पुरुष येतो तो पैसे देणारा बाप म्हणून. घरी बसलेला म्हातारा कोणाच्या यादीत नसतो. त्यांच्याशी बोलल्यावर कळलं ते असं: घरखर्चात आता त्यांचा हात नाही, नातू-नातीसाठी स्वतःच्या खिशातून करता येईल अशी ही एकच गोष्ट उरली आहे. पाच रुपयांत पोरगी हसते. त्यांना मीठ आणि तळणाचं तेल ऐकवण्यात काही अर्थ नव्हता.

त्यांची फेरी तशीच ठेवली, खरेदी बदलली. त्याच गुमटीवर सुटी अंडी मिळतात, एक अंडं सात रुपयांना, म्हणजे दोन पाकिटांपेक्षा स्वस्त. घर अंडं खाणारं, फक्त सोमवारी आणि श्रावणात नाही. हे आजोबांकडे उघडपणे बोलता आलं, आंगनवाडीत बोलणं अवघड असतं. मध्य प्रदेशात आंगनवाडीच्या आहारात अंडी द्यायचा प्रस्ताव 2015 साली तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी नाकारला होता आणि तेव्हापासून तो विषय राजकारणाचा होऊन बसला आहे. कार्यकर्ता दीदींनी “जिनके घर में चलता हो” असं हळू आवाजात म्हणावं, एवढीच मुभा. ज्यांच्यात चालत नाही त्यांच्यावर ते लादू नये हे बरोबर. पण ज्यांच्यात चालतं त्यांनाही कोणी सांगायचं नाही, याला काय म्हणावं?

अंडं नसलेल्या दिवसांसाठी शेंगदाण्याचा कूट आणि गूळ. दहा ग्रॅम कूट आणि पाच ग्रॅम गूळ मिळून पाकिटाइतक्याच कॅलरी होतात, शिवाय अडीच ग्रॅम प्रथिनं. पाव किलो शेंगदाणे आठवडाभर सहज पुरतात. कूट बारीकच हवा. अख्खा दाणा किंवा फुटाणा या वयात घशात अडकू शकतो, आणि आजोबांनी पहिल्या दिवशी फुटाणेच आणले होते.

गुमटीवाल्याशी बोलून पाच रुपयांच्या फुटाण्याच्या पुड्या मोठ्या मुलांसाठी पुढे टांगल्या, त्या चालल्या नाहीत. कागदी पुडी, रंग नाही, आत स्टिकर नाही. आठवड्याभरात त्या मागच्या बरणीत गेल्या. सात वर्षांचा नातू आजही लाल पाकीटच घेतो.

वजन आणि बाकीचं

हे सगळं जुलैत सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये, 17 महिन्यांची असताना, मुलगी 8 किलोची झाली, दंडघेर 12.7. तीन महिन्यांत 900 ग्रॅम, या वयात साधारण 600 वाढतात. 17 महिन्यांच्या मुलीसाठी कमी वजनाची रेषा 7.9 वर आहे, म्हणजे ती जेमतेम वर आली. उंचीत फरक नाही. तो इतक्यात दिसणारही नव्हता.

याचं श्रेय सगळं वाटीला देणं बरोबर होणार नाही. ऑगस्टमध्ये जंतांचं औषध मिळालं, पावसाळा संपला, त्या काळात एकदाही मोठे जुलाब झाले नाहीत, आईचं दूध चालू राहिलं. शिवाय एकाच मुलीवरून काही सिद्ध होत नाही. देशाचे आकडे मोठे आहेत: 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी 11.3 टक्के निघाली, आणि मध्य प्रदेशात पाच वर्षांखालची 33 टक्के मुलं कमी वजनाची. चहाच्या गाळणीने ते हलणार नाहीत.

दिवाळीच्या आधी घसरण झाली. नमकीन कारखान्यांचा तो हंगाम, सून रात्री साडेआठ-नऊला घरी यायला लागली. मुलगी तिची वाट बघत न जेवता झोपायची, आणि वजन तीन आठवडे जागचं हललं नाही. आजी रात्रीची वाटी भरवायला तयार होती, मुलीला मात्र आईच हवी होती. यावर आमच्याकडे उपाय नव्हता. ओव्हरटाइम सोडा असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही, त्या पैशातूनच डाळ येते. हंगाम संपला तसं वजन पुन्हा चढू लागलं.

कामाच्या पद्धतीत दोन बदल टिकले. घरभेटीच्या फॉर्मवर आईचं नाव, वय, शिक्षण असे रकाने आहेत, दिवसा भरवतं कोण याला रकाना नाही. शिक्षिका ते आता समासात लिहिते, आणि पहिली भेट त्या माणसाच्या सोयीच्या वेळेला ठरते. दुसरं, पाकिटाबद्दल बोलायचं असेल तर पर्याय आधी, पाकीट नंतर.

त्याच गल्लीत पलीकडच्या टोकाला एक घर आहे. तिथे आजी नाही, आजोबा नाहीत. आई-बाप दोघं बांधकामावर, दीड वर्षाच्या मुलाला नऊ वर्षांची बहीण सांभाळते. ओट्यावर ती म्हाताऱ्यांत येऊन बसायची आणि चमचा तिरका करायची कसोटी तिला सगळ्यांत आधी जमली. पण दुपारी तिने खिचडी शिजवावी, भरवावी, वाटी झाकून पुन्हा द्यावी, म्हणजे तिने शाळा सोडावी, असाच त्याचा अर्थ होतो. त्या घरासाठी आम्ही शिकवण्याचं काही काढलं नाही. आंगनवाडीला जोडून पाळणाघर चालवायची पालना योजना कागदावर आहे, या वस्तीत ते नाही. तसा अर्ज प्रकल्प कार्यालयात दिलेला आहे. तोवर दोन घरं सोडून राहणारी एक आजी दुपारी त्या मुलाला आपल्याकडे बसवते. बदल्यात आई तिला महिन्याला थोडे तांदूळ देते.